आता वाढव

आजच्या या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आम्हां दोघा भावांना शाळेत शिकवलेले आदरणीय बर्नार्ड सर, ठाण्याच्या उद्योग केंद्रातून एवढ्या लांब आलेले प्रमुख पाहुणे, आपल्या आगाशी बाजाराच्या व्यापारी मंडळाचे पदाधिकारी, ज्यांच्या हातांनी केळी सोलली म्हणून आज हा सत्कार घडतो आहे त्या आल्बिनाबाई, एमिलीबाई आणि कारखान्यातल्या सर्व भगिनी, गिरीजहून सायकल मारत आलेला आमचा प्लासिड, पहिल्या रांगेत बसलेली माझी आई पुतळाबाई, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत जयराम, आणि जमलेल्या बंधुभगिनींनो,

धाकट्या भावाला श्रीयुत म्हणायची माझी ही पहिलीच वेळ. मंडळानं तशी सूचना दिली आहे, म्हणून पाळली. पुढे जीभ सवयीनं वळली तर वळू द्या.

मी बोलणारा माणूस नाही. दुकानदार आहे. दुकानदार बोलतो तो तागडीच्या अलीकडून, आणि समोर एका वेळी एकच माणूस असतो. पण परवा सर दुकानात आले, बाकावर बसले आणि म्हणाले, "धर्मा, तुला विषय दिला आहे. उद्योजक आणि परंपरागत व्यापारी यांतला फरक." मी म्हटलं, सर, त्यात बोलायचं काय? उद्योजक हार घालून खुर्चीत बसेल आणि व्यापारी माईकसमोर घाम पुसत उभा राहील. लोकांनी दोघांकडे बघावं आणि घरी जावं. सर हसले नाहीत. तुम्हांला ठाऊक आहे, सर हसले नाहीत की गृहपाठ करावाच लागतो.

शिवाय आणखी एक गोष्ट आहे, ती मी आधीच सांगून टाकतो. जयराम आपला कारखाना घेऊन जळगावला चालला आहे, हे तर सगळ्यांना माहीत आहे. गेल्या आठवड्यात त्यानं मला विचारलं, की दादा, दुकान बंद करून माझ्याबरोबर चलतोस का? मी त्याला म्हटलं, उत्तर समारंभात देईन. तेव्हा तो तिथे हार सांभाळत बसलेला दिसतो आहे खरा, पण त्याचं लक्ष हारात नाही. माझंही विषयात नाही. तरी विषयाकडून सुरुवात करतो.

आमच्या वडिलांचं दुकान सुकेळ्यांचं. पाहुणे ठाण्याचे आहेत म्हणून सांगतो. आमच्याकडे राजेळी केळी पिकवून, सोलून, मांडवावर उन्हात वाळवतात आणि केळीच्याच सुक्या पानात घट्ट बांधतात. ती सुकेळी. वाळवणार वाडीवाले, विकणार आम्ही. प्लासिडच्या घरची सुकेळी त्याच्या आजोबांपासून आमच्याकडे येत आली. बाबांचं धंद्याचं सगळं शास्त्र एका वाक्यात मावायचं. गिऱ्हाईक आपल्या पायानं येतं, आपण जागेवर सापडलं पाहिजे. म्हणून ते जागेवर सापडायचे. ताप असो, घरात लग्न असो, बाबा गादीवर.

एकदा ऐन पावसाळ्यात मुंबईचे एक गृहस्थ सुकेळी मागायला आले. पावसाळ्यात सुकेळी कुठली? बाबा म्हणाले, ऊन पडू दे, मग या. त्यांना बसवलं, चहा पाजला, छत्री गळत होती म्हणून घरातली छत्री दिली. गृहस्थ निघाले, तेव्हा जयराम त्यांच्यामागे पायरीपर्यंत गेला. कशाला? त्यांचा पत्ता विचारायला. बाबांनी चहा विचारला, जयरामनं पत्ता विचारला. सर, आपल्या विषयाचं उत्तर मला वाटतं इथेच संपतं. छत्री परत आली की नाही म्हणाल, तर नाही आली.

पुढे त्यानं पत्र्याचं कपाट आणलं. आत शेगडी, वर पंखा, मधे जाळ्या. भर श्रावणात केळी वाळवून दाखवली. प्लासिडनं पहिलं सुकेळं चाखलं, बराच वेळ चघळलं आणि म्हणाला, "गोड हाय. पन ह्यात ऊन नाय." जयराम म्हणाला, "प्लासिडभाऊ, ऊन विकायला मी बसलेलो नाही." त्या एका वाक्यावर महिनाभर बाजारात चर्चा चालली. पण त्याच कपाटाचा कारखाना झाला. सुकेळ्यांमागून वेफर आले, वेफरमागून लहान मुलांसाठी केळ्याची भुकटी आली, आणि गिरीजच्या, होळी गावच्या बायकांना घराजवळ काम मिळालं. हे मी मोकळ्या मनानं सांगतो. हा माझा भाऊ कर्तबगार आहे. आज तो चालला आहे तेही हौसेनं नाही. वाड्यांच्या विहिरी खारट होत चालल्या, राजेळीचं पीक उतरलं, वाड्या विकल्या जाताहेत आणि कारखान्याला केळी पुरत नाहीत. एमिलीबाईंनी मला काल विचारलं, की आता आम्ही सकाळी उठून कुठं जायचं? मी म्हटलं, मंडळाच्या कानावर घालतो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. तो एका शब्दाचा आहे.

आपल्या भाषेत अशुभ बोलायची चोरी. नारळ फोडला म्हणत नाहीत, वाढवला म्हणतात. बांगडी फुटत नाही, वाढते. तसंच दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बाजारातल्या जुन्या माणसाला विचारा, तो सांगेल, संध्याकाळी दुकान वाढवून येतो. आणि नव्या माणसाला विचारा. तो म्हणेल, मला दुकान वाढवायचं आहे, बँकेचं कर्ज मिळेल का? शब्द तोच. एक जण फळ्या लावतो आहे आणि दुसरा भिंत पाडतो आहे.

सर, हा फरक मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही. हा आमच्या घरात घडला.

एकाहत्तर सालचा डिसेंबर आठवा. लढाई सुरू होती. दिवेलागणीला शिट्ट्या वाजायच्या, खिडक्यांना काळे कागद लावलेले, विजेचा दिवा लावायची बंदी. बाबा दम्यानं अंथरुणाला खिळलेले. आमचं घर दुकानाच्या मागेच, मधे एक दार. बाबांचा हट्ट असा, की आपण आजारी असलो तरी दुकान उघडं राहिलं पाहिजे. म्हणून मी गादीवर, आणि मधूनमधून आत. जयराम तेव्हा मुंबईला एका कंपनीत कारकून होता. ब्लॅकआउटमुळे लवकर सुटायचा. तो आठवडाभर बाबांच्या उशाशी बसून एकच विषय काढत होता, की नोकरी सोडतो, वाळवणीचं यंत्र आणतो, धंदा वाढवू द्या. बाबा ऐकायचे. हो म्हणायचे नाहीत, नाही म्हणायचे नाहीत.

त्या संध्याकाळी आम्ही दोघेही आत होतो. मी एका अंगाला, तो दुसऱ्या अंगाला. आईनं कंदील आणला, वात अगदी खाली केलेली, काचेला कागद गुंडाळलेला. ती पायथ्याशी उभी राहिली. दिवसभर बाबांनी डोळे उघडले नव्हते, ते उघडले. आमच्यापैकी कुणाकडे पाहिलं ते मला अजून सांगता येत नाही. म्हणाले, "वाढव. आता वाढव."

मला वाटलं, दुकान उघडं आहे, अंधार पडला, शिट्टी होईल, म्हणून नेहमीप्रमाणे सांगताहेत. रोज ह्या वेळेला ते हेच तर म्हणायचे. मी उठलो, बाहेर आलो आणि फळ्या लावायला लागलो. शेवटची फळी खाचेत बसवतो आहे तोच मागून तिच्यावर हात आला. जयरामचा. तो म्हणाला, "दादा, बंद काय करतोस? बाबा मला हो म्हणाले." मी म्हटलं, तुला नाही, मला म्हणाले. तो म्हणाला, आता म्हणाले, आता, म्हणजे माझ्या बोलण्याला उत्तर दिलं. ती फळी आम्ही दोघांनी दोन बाजूंनी धरलेली. आवाज चढले. समोरचे दुकानदार बाहेर आले. त्यांतले काही आज या सभागृहात आहेत, म्हणजे मी काही नवीन सांगत नाही. आतून आईची हाक आली तेव्हा आम्ही आत धावलो. आत कंदीलही जळत नव्हता. अंधार होता आणि बाबा गेले होते.

बंधुभगिनींनो, पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. जयरामनं नोकरी सोडली, मी गादी धरली. रोज संध्याकाळी दुकान वाढवायचं, तर आधी रोज सकाळी ते उघडायला हवं. भांडण असं नव्हतं. सणाला जेवायला एकत्र बसत होतो, पोरांच्या बारशा-लग्नाला उभे राहत होतो. पण त्या संध्याकाळबद्दल आम्ही एकमेकांशी एक अक्षर बोललो नाही. त्याच्या मनात, दादानं बाबांचा शब्द मोडला. माझ्या मनात, ह्यानं बाबांचा शब्द चोरला.

आणि बाबा काही गेले नाहीत. हे मी कसं सांगू तुम्हांला? रोज संध्याकाळी मी फळ्या लावतो. बाकीच्या सरळ बसतात. शेवटची फळी हातात घेतली की मला मागून आवाज येतो. दम लागलेला, तोच. वाढव, आता वाढव. मी थांबतो. पलीकडून कुणीतरी ती फळी धरून ठेवली आहे असं हाताला लागतं. मग मनातल्या मनात म्हणतो, वाढवतो बाबा, आणि ती बसते. माझ्या बायकोला वाटतं खाच फुगली आहे. तिनं दोनदा सुतार आणला. सुतार म्हणाला, खाचेत काही दोष नाही.

जयरामचं तरी काय निराळं होतं? कारखान्यात नवं यंत्र आलं की तो आधी बाबांच्या फोटोसमोर जाऊन उभा राहायचा. एकदा मी दारात होतो, त्याला दिसलो नाही. तो फोटोला म्हणत होता, "वाढवलं बाबा. आता तरी?" मग वाट बघत उभा राहिला. सर, उद्योजक पुढे बघतो असं तुम्ही मघाशी आपल्या भाषणात सांगितलंत. मी एका उद्योजकाला फोटोकडून उत्तराची वाट बघताना पाहिलं आहे. मी पाय न वाजवता परत फिरलो.

आणि आईचं एक वेड. तिला मी विचारून ठेवलं आहे, ती म्हणाली, सांग. आई दिवा लावते, पण कधी वाढवत नाही, म्हणजे विझवत नाही. देवापुढचा असो, कंदील असो, विजेचं बटण असो. झोपायच्या वेळी सुनेला हाक मारते, तू कर गो. नातवंडं हसतात. आम्ही समजत होतो, म्हातारपणचं एखादं खूळ. मघाशी तुम्ही मोठ्या मानानं तिच्या हातून ही समई लावून घेतलीत. लावून झाल्यावर तिनं जळती काडी विझवायला सुनेच्या हातात दिली, हे मी पाहत होतो.

आता गेल्या आठवड्यातलं.

दिवेलागणीला जयराम दुकानात आला. पुष्कळ वर्षांनी गादीच्या कडेला टेकला. जळगावच्या जागेचं बोलला, तिथल्या केळ्यांचं बोलला. मग म्हणाला, मी लांब चाललो, तू इथे एकटा काय करणार, गिऱ्हाईक राहिलं कुठं? आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "दादा, पुरे झालं. वाढव. आता वाढव."

तेच शब्द. त्याच दुकानात, त्याच वेळेला, त्याच दारापाशी. आणि आता त्याला वय झालंय, थोडा दमही लागतो, त्यामुळे आवाज... आवाज बाबांचाच होता. आतून काहीतरी पडल्याचं ऐकू आलं. आई दारात आली. तिचा पदर खांद्यावरून घसरलेला, त्याची तिला शुद्ध नव्हती. म्हणाली, "कोन बोललं?"

जयराम म्हणाला, मी बोललो आई. तिनं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग तिथेच उंबऱ्यावर बसली आणि म्हणाली, "ते दुकानाचं नव्हतेच बोलत रे. दिव्याचं बोलत होते."

आम्हांला समजेना. तेव्हा तिनं सांगितलं. बाबांनी डोळे उघडले ते तिच्या हातातल्या कंदिलाकडे पाहून. वाढव म्हणाले ते तिला. आम्ही दोघे उठून बाहेर गेलो, आणि ती कंदील घेऊन उभी राहिली. बाहेर शिट्टी वाजत होती. तिनं वाढवला. म्हणजे विझवला. मग काळोखात बसून ती त्यांचा श्वास ऐकत राहिली. बाहेर आमचं भांडण चाललं होतं, त्यात मधेमधे श्वास ऐकू यायचा नाही. आमचा आवाज खाली आला तेव्हा तिनं कान दिला, आणि काही नव्हतं.

"त्याना वात वाढवायची होती का काय, कोनाला ठावं," आई म्हणाली. "काळोख झालाय, जरा उजेड कर, माझी पोरं बघू दे, असं म्हनत असतील तर? मी तर दिवाच वाढवला."

जयरामनं तिचे पाय धरले. मी त्या दाराशी तसाच उभा होतो. ती पंचवीस वर्षं हे घेऊन आमच्यामध्ये वावरत होती. जेवायला वाढत होती. एकाला वाटत होतं बाबा मला म्हणाले, दुसऱ्याला वाटत होतं मला. आणि जिला म्हणाले ती एक शब्द बोलत नव्हती, कारण तिला अर्थ लागला नव्हता.

मला माफ करा, जरा पाणी घेतो.

तर सर, विषय. उद्योजक आणि परंपरागत व्यापारी यांतला फरक. तुम्ही दिलेला गृहपाठ मी पुन्हा नव्यानं केला, आणि मला भीती वाटली. आम्ही दोघेही हुकूम पाळत होतो. त्यानं यंत्रं आणली ती हुकमानं, मी जागा सोडली नाही ती हुकमानं. लोक त्याला धाडसी म्हणाले, मला चिवट म्हणाले. आणि हुकूम कुणी दिलेलाच नव्हता. एका आजारी माणसाला दिवा नको होता, किंवा हवा होता. खरं सांगतो, हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. जो आवाज रोज संध्याकाळी मला हाक मारतो असं मी समजत होतो, तो माझ्याशी बोललाच नव्हता, याचं मला फार वाईट वाटलं. त्या रात्री बाबा मला दुसऱ्यांदा गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी फळ्या लावल्या. शेवटची हातात घेतली, थांबलो. कुणी बोललं नाही. पलीकडून कुणी धरली नाही. एकदम खाचेत बसली. मी ती पुन्हा काढली, पुन्हा लावली. तशीच सरळ बसली.

जयराम, तुला उत्तर हवं आहे. मी येत नाही. उद्या सकाळी मी फळ्या काढीन. बाबांनी सांगितलं म्हणून काढीत होतो, ते झालं. उद्या काढीन त्या मला काढायच्या आहेत म्हणून. गिऱ्हाईक येईल न येईल, प्लासिडकडे चार केळी उरली आहेत तोवर मला गादीवर बसावंसं वाटतं. माझ्या आयुष्यात हा पहिला निर्णय मी स्वतः घेतो आहे, तेव्हा सर, उद्योजकाच्या व्याख्येत मलाही थोडी जागा करून द्या. आणि तू जा. बाबांना दाखवायला जाऊ नकोस. तुला जावंसं वाटतं म्हणून जा, आणि नाही वाटलं तर ट्रकवाल्याला परत पाठव, कुणी रागावणार नाही. आई कुणाकडे राहणार हे आम्ही तिला विचारलं. ती म्हणाली, आधी हा कार्यक्रम होऊ दे.

व्यापारी मंडळाचे, शाळेचे आणि कारखान्यातल्या भगिनींचे मी मनापासून आभार मानतो. तुमच्या हाताला काम राहावं यासाठी मंडळानं काहीतरी करावं, ही विनंतीही याच आभारात धरावी. घरातलं बोलणं मी चारचौघांत आणलं, पाहुण्यांचा वेळ खाल्ला, विषय सोडून भटकलो. मोठ्यांनी हे पोटात घालावं आणि धाकट्यांनी घरी जाऊन त्यावर हसावं.

आणि अध्यक्षमहाराज, एक शेवटची विनवणी. कार्यक्रम संपला की शिपाईदादा खुर्च्या उचलतील, सभागृहाचे दिवे घालवतील. ही समई मात्र कुणी वाढवू नये. तिच्यात आहे तेवढं तेल जळू द्या. आईला तिच्याजवळ बसायचं आहे. ती आपोआप शांत होईपर्यंत आम्ही दोघे भाऊ तिच्या दोन अंगांना बसणार आहोत, आणि या वेळी कुणी बाहेर जाणार नाही.

नमस्कार.